कोरडा खोकला

आपण काही चुकीचं बोललो असं मला वाटलंच नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "समजा, तुमच्या ओळखीची एक बाई आली आणि म्हणाली, घरात रात्रीची झोप होत नाही. तुम्ही तिला पहिल्यांदा काय विचाराल?" शिंपीकाका म्हणाले, चहा किती पिता ते विचारीन. कोपऱ्यातली नर्स म्हणाली, कशाची काळजी लागली आहे ते विचारीन, आणि बाईंनी मान डोलावली, म्हणजे हे उत्तर त्यांना हवं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. आणि मी, पहाटेपासून दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींचे ढीग उपसून आलेली, पोटऱ्या ठणकत असलेली मी, सरळ बोलून गेले, "आज जागायचा नंबर तिचा आहे का, ते विचारीन." नर्स फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर रुमाल धरला. मीही हसले, कारण चारचौघांत कुणी हसलं की आपणही हसावं, म्हणजे निदान कळून हसतोय असं दिसतं. शिंपीकाका मात्र हसले नाहीत. ते खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले, आणि तेवढ्यावरून मला कळलं की माझ्या तोंडून घरातलं काहीतरी बाहेर सांडलंय.

तिकडून, जीव वाचवून इकडे आलेल्या आमच्यापैकीच काही जणांना तयार करायचं, म्हणजे ते आपल्याच माणसांच्या घरी जातील, कुणाचं मन कुठे अडलंय ते ओळखतील, धीर देतील, गरज पडली तर डॉक्टरकडे नेतील, असा हा वर्ग. मला का निवडलं, तर धुलाईघरातली मुकादमीण म्हणाली, तू तोंडाची चांगली आहेस. एरवी हेच ती शिवी म्हणून म्हणते. शाळा सुटल्यावर रिकाम्या पडलेल्या एका खोलीत आम्ही बसतो. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल नाही, दार उघडं. टेबल आलं की आमच्या लोकांना चौकशी आठवते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. बाई इकडच्या, पण फार मन लावून शिकवतात. तुमच्या लोकांत असं असतं ना, असं अदबीने विचारतात, आणि आम्ही हो म्हणतो. हो म्हणणं आमच्या अंगात इतकं मुरलंय की प्रश्न पुरा व्हायच्या आधी मान हलते. एकदा त्या म्हणाल्या, तुमच्याकडे दुःख यकृतात साठतं असं मानतात ना, आणि आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. जिना उतरताना शिंपीकाकांनी हळूच विचारलं, "काय गं, हे यकृत नेमकं कोणत्या बाजूला?" दोघंही पोट धरून हसलो होतो. आज मात्र बाई हसल्या नाहीत, त्यांनी काही लिहून घेतलं नाही, फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली.

"म्हणजे तुमच्या घरी रात्री कुणीतरी जागं असतं?"

"असतंच ना."

"रोज?"

"रात्र तर रोजच होते, बाई."

पुन्हा कुणीतरी हसलं, आणि या वेळी मला बरं वाटलं, आपण विनोद केला असं झालं. पण बाई तशाच बघत होत्या, माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या हातांकडे. मग त्यांनी अगदी साधेपणाने, भाजी काय केली विचारावं तसं विचारलं, "मग आज नंबर कोणाचा आहे?"

बाबांचा, असं मी म्हणाले. लगेच म्हणाले. आणि म्हणता म्हणताच मला कळलं की हे खरं असू शकत नाही.

कारण बाबांना आता दिसत नाही. तसं दिसतं, भिंत दिसते, माणसाचा आकार दिसतो, पण डोळ्यांत जाळी आली आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणतात, बघू. संध्याकाळी जेवता जेवता त्यांची मान खाली येते. असा माणूस रात्रभर दाराजवळच्या खुर्चीत बसतो, हे मी इतके दिवस कसं धरून चालले होते? पूर्वी आम्ही होतो. तिकडून निघालो तेव्हा बाबा, आई, मी आणि भाऊ. कधी गोठ्यात झोपलो, कधी बंद पडलेल्या कारखान्याच्या ओट्यावर, कधी रस्त्याच्या कडेला ट्रकच्या सावलीत. चौघांतलं एक जण जागायचं. दिवा लावायची सोय नव्हती, बोलायची तर नव्हतीच, म्हणून जागणारा मधून मधून खोकायचा, हलकेच, घसा खवखवल्यासारखा. झोपलेल्यांना झोपेतच कळायचं की कुणीतरी आहे. नंबर बदलताना पहिला खोकायचा आणि दुसरा उत्तर म्हणून खोकायचा. याचा अर्थ, मी उठलो, आता तू झोप. मी फार लहान असताना माझा नंबर सुरू झाला आणि मला त्याचा अभिमान होता, भावाला रडू यायचं. पुढे छावणीत आलो, मग या गावात, मग या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जिथे दाराला दोन कुलपं आहेत आणि खाली फाटकावर रखवालदार आहे, तरी खुर्ची दाराजवळच राहिली. भाऊ मोठा झाल्यावर एकदा भांडला होता, कशासाठी जागायचं, कोण येणार आहे? बाबा शांतपणे म्हणाले, "इतक्या वर्षांत काही झालं का? नाही ना? जागलो म्हणून नाही झालं." यावर काय बोलणार? भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी राहायला गेला. आई तर भर दुपारी गेली, दवाखान्यात, सगळे जागे असताना, सगळे तिच्याकडे बघत असताना. त्यावर बाबा कधीच काही बोलले नाहीत.

हे चमत्कारिक आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं का? नाही, आणि वाटलं असतं तरी ते कुणाला विचारलं असतं? नवराही तिकडचाच, पण दुसऱ्या वाटेने आलेला. त्यांच्या घरी जागत नसत, ते दाराला कपाट लावून झोपत. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने बाबांना खुर्चीत बसलेलं पाहिलं तेव्हा मला म्हणाला, "लोक घरजावई आणतात, तुम्ही रखवालदार आणलात." पण बसायचा. लांब पल्ल्याचे ट्रक चालवणारा माणूस, त्याला जागरणाचं काय! मला वाटायचं, कुणाकडे चहात साखर जास्त असते, कुणाकडे कमी, तसंच हे. बाळंतपणाला दवाखान्यात होते तेव्हा मला झोप येईना, वॉर्ड इतका स्वच्छ, इतका निवांत की जीव घाबरा झाला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई खोकली. तिला बिचारीला दमा होता. देवासारखी धावून आली, मी तिच्या खोकल्यावर रात्र काढली. मग मला धुलाईघरातलं पहाटेचं काम लागलं आणि बाबा म्हणाले, तू आता झोपत जा, तुला मशीनवर काम करायचं असतं, हात सापडला तर काय घ्या. मी झोपायला लागले. अशी गाढ झोप मला लागते की डोकं टेकलं की थेट गजरच. मुकादमिणीला मी फुशारकी मारली होती, आमच्याकडे सगळ्यांना मेला निद्रानाश, आपण बाई घोडे विकून झोपतो.

मग उरलं कोण? नवरा आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. भाऊ परगावी. बाबांना दिसत नाही. मी घोडे विकलेली. बाई फळ्याशी उभ्या राहून काही सांगत होत्या, आपण ज्याला आजार म्हणतो तो त्या घराचा आधारही असू शकतो, एखाद्याची काठी काढून घेण्याआधी त्याचा पाय बघा, असं काहीतरी, शब्द कानांवर पडत होते आणि मी घरातली माणसं पुन्हा पुन्हा मोजत होते, जणू एखादं माणूस मोजायचं राहून गेलंय आणि ते सापडेल. सापडलं. आमची छोटी. छोटी म्हणायचं, पण आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. छोटीच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून सांगितलं होतं, मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपते, हाक मारली की दचकून उभी राहते, घरी काही आहे का? मी म्हणाले, घरी काय असणार, मोबाइल असणार. त्याच संध्याकाळी मोबाइल काढून माझ्या कपाटात ठेवला. तिने तो हूं की चूं न करता दिला. तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, या वयात मोबाइल असा कोण देतं? आणि तिचा तो खोकला. कितीतरी दिवस तिला खोकला होता. दिवसा नाही, रात्रीच, झोपेतच माझ्या कानावर यायचा. मी तिला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली, घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे, घसा स्वच्छ आहे, कोरडा खोकला आहे, जाईल. नारिंगी औषध लिहून दिलं. घेतल्यावर गाडी चालवू नये, असं बाटलीवर छापलं होतं आणि मी हसले होते, हिला कुठे चालवायची आहे गाडी! रोज रात्री चमचा स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात रिकामा केला. सकाळी तिच्या कानशिलाजवळचे केस ओले असायचे. घाम आला असेल, ताप उतरला असेल, असं मी म्हणायचे.

मला भीती वाटली, साधी, जुनी, पायांतून वर चढणारी भीती, जी मला वाटलं होतं मी तिकडेच टाकून आले. मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. घरी जायचंय का, म्हणाल्या. मी म्हणाले, जाऊन काय करू? म्हणाल्या, काही करू नका, नुसतं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला राग आला. थांबा म्हणायला काय जातं? ज्यांनी आयुष्यभर थांबण्याशिवाय काही केलं नाही त्यांना हे आणखी थांबायला शिकवतात. पण मी पिशवी उचलली. जिन्यात शिंपीकाका विडी ओढत उभे होते, मला बघून त्यांनी ती पाठीमागे लपवली, जसा काही मीच त्यांचा बाप. म्हणाले, "आमच्याकडे जागत नाहीत हं. आमच्याकडे फक्त बूट घालून झोपतात." आणि थोडं थांबून म्हणाले, "मी एकटाच. बायको ओरडते, चादरी मळतात." मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ते वयाने मोठे, मी नुसतीच मान हलवली आणि खाली उतरले.

बसमध्ये उभी राहिले. खिडकीशी एक बाई तोंड उघडं टाकून झोपली होती, पिशवी मांडीवरून घसरत होती, आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं. भर बसमध्ये, अनोळखी माणसांत अशी झोप! मला तिचा हेवा वाटला आणि रागही आला, की अगं, पिशवी तरी धर. रस्त्यावर दुकानांची शटरं अर्धी वर होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, शिकवणीला निघालेली मुलं एकमेकांना दप्तरांनी मारत होती. सगळं इतकं नेहमीचं होतं की संशय यावा. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. वर्गात शिकवलेली वाक्यं. तुला कसं वाटतंय? तू हे मला सांगितलंस ते बरं झालं. ही वाक्यं मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन म्हणणार होते, पायपुसण्यावर चपला काढून, अदबीने. स्वतःच्या घरासाठी म्हणून बघितली तर एकही ओठांवर बसेना. पोरीशी मी कधी असं बोललेच नाही. जेवलीस का, अभ्यास केलास का, दिवे घालव, एवढ्यातच आमचा संसार चालतो.

दार बाबांनी उघडलं, पण आधी कोण म्हणून विचारलं नाही, मी बाहेर खोकले ते ऐकूनच उघडलं. इतक्या वर्षांत मला हेही कधी दिसलं नव्हतं. पॅसेजमध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्या एका हातावर दुपार कलल्यानंतरचं ऊन. आतल्या खोलीत टेबलाशी छोटी पुस्तकावर गाल टेकून झोपली होती, पेन बोटांतच होतं. मी हळू आवाजात विचारलं.

"बाबा, रात्री कोण जागतं?"

"मी."

"आणि तुमच्यानंतर?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्यांना त्याने काही जास्त दिसणार नव्हतं. मी थांबले. बाईंनी सांगितलं म्हणून नाही, उत्तर मला आधीच कळलं होतं म्हणून.

"मला कडीपर्यंत दिसत नाही गं आता," ते म्हणाले. "हात लावून बघावं लागतं. एकदा खुर्चीतच डोळा लागला. जागा झालो तर ती समोर उभी. म्हणाली, आजोबा, तुम्ही आत जा, मी बसते. देवाशपथ सांगतो, मी तिला सांगितलं नव्हतं."

"आणि तुम्ही गेलात?"

"गेलो."

"लहान आहे ती, बाबा!"

"तू याहून लहान होतीस."

ते हे लावून बोलले नाहीत, नुसतं आठवून बोलले, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हणाले, मला उठवायचं होतंत. तर त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला कसं उठवू? तू झोपायला लागली होतीस."

"मी झोपले नव्हते," छोटी म्हणाली. ती टेबलाशी ताठ बसली होती, गालावर पुस्तकाची कड उमटलेली. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य हे. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, अगं, कशासाठी बसतेस दाराशी? दाराला दोन कुलपं आहेत, खाली रखवालदार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, अडाणी माणसाकडे बघावं तशी.

"मला माहीत आहे की, आई. दाराला काय होतंय?"

"मग?"

तिने आजोबांकडे पाहिलं. "सांगू?" असं विचारलं. बाबा पॅसेजमध्ये वळून उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"तू झोपेत ओरडतेस," ती म्हणाली. "रोज नाही. आधी काहीतरी बोलतेस, तिकडचं, मला नाही कळत. मग ओरडतेस. मी हलवलं की आणखीच ओरडायचीस. मला फार भीती वाटायची. मग एकदा बाहेर आजोबा खोकले आणि तू गप्पच झालीस. कूस बदलून झोपून गेलीस. म्हणून मग मी पण खोकून बघितलं." आणि जरा थांबून, तक्रार नव्हे अशा आवाजात म्हणाली, "ते औषध द्यायचीस ना, त्याने फार झोप यायची गं. सारखं तोंड धुवावं लागायचं."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. बाई बघत होत्या तेच हात. गरम चादरींनी सुजलेली, लालसर बोटं. बाईंनी समजा म्हणून सांगितलेली ती बाई आमच्याच घरात राहत होती, फक्त तिला झोप लागत होती, छान लागत होती, आणि बाकीचे सगळे तिच्यासाठी जागत होते. मला काहीच आठवत नाही, एकही स्वप्न नाही. सकाळी मी ताजीतवानी उठते. काय ओरडते मी? कुणाला हाक मारते? विचारायचं धाडस झालं नाही. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण मी घेतलं असतं तर रडले असते, आणि मी रडले असते तर तिने मलाच थोपटलं असतं. म्हणून मी नेहमीचा आवाज काढला.

"जा, आत जाऊन झोप."

"आत्ता? उजेडात?"

"आत्ता. मी बसते बाहेर."

तिने विचार केला. "तू बसलीस म्हणजे तू झोपणार नाहीस. मग ओरडणार पण नाहीस," असा हिशेब लावून ती उठली आणि गेली. बाबांनाही म्हटलं, तुम्हीही पडा. "दिवसा कुणी जागतं का?" असं पुटपुटत, भिंतीला हात लावत तेही गेले, आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं ऐकू आलं.

मी खुर्चीत बसले. बैठक मधोमध खोल झाली आहे, बाबांच्या मापाची, मला त्यात बसता येईना. वरच्या मजल्यावर कुणी कॉट सरकवत होतं, खाली मुलं चेंडूवरून भांडत होती, ऊन खुर्चीवरून माझ्या गुडघ्यांवर आलं. उद्या वर्गात सांगायचं, असं मी ठरवत होते. नर्ससमोर, शिंपीकाकांसमोर, सगळ्यांसमोर सांगायचं, की ती बाई मी आहे, आता मला विचारा काय विचारायचं ते. बाईंना म्हणायचं, ही काठी मी काढून घेणार आहे, पाय बघायला तुम्ही या. बाबांचे डोळे, माझी झोप, सगळ्यांची सोय लावायची. पण उद्याच्या आधी आजची रात्र होती, आणि रात्री मी झोपले तर काय, नाही झोपले तर किती दिवस, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पोरीचा श्वास एका लयीत येत होता. मी उठून दारातून डोकावले. तान्ही असताना झोपायची तशीच झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात उशीखाली, पापणीसुद्धा हलत नव्हती. आता हिला झोपू द्यायचं, पोटभर, जागी होईल तेव्हा होईल. मी चवड्यांवर परत आले, बसले, आणि बसता बसता सवयीने हलकेच खोकले.

आतून, गाढ झोपेतून, छोटीने उत्तर दिलं.